"तुमच्याही काळात झालं!"

द्रोणागिरीत 'साडेबारा टक्के' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९८४ च्या उरणच्या आंदोलनात पाच जणांचा गोळीबारात जीव गेला, त्यानंतर कुठे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड शेतकऱ्याला परत मिळण्याची वाट खुली झाली. त्यातले कितीतरी भूखंड ताब्यात येण्याआधीच कागदावर विकले गेले. प्रकल्पग्रस्ताचा हक्क आणि दलालाची घाई, ही जोडी इथे जुनीच.

म्हणून २०१८ च्या जुलैतलं खारघरचं प्रकरण परकं वाटलं नाही. कोयनेच्या ८ प्रकल्पग्रस्तांना मिळालेली २४ एकर जमीन लगेच बिल्डरकडे गेली. काँग्रेसच्या पृथ्वीराज चव्हाणांनी १,७६७ कोटींच्या घोटाळ्याचा आरोप केला. मुख्यमंत्री फडणवीस म्हणाले, निर्णय जिल्हाधिकारी पातळीवरचा. आणि आघाडीच्या काळातही अशी २०० प्रकरणं झालीत. मग व्यवहाराला स्थगिती, न्यायालयीन चौकशीची घोषणा वगैरे.

आता गंमत बघा. "तुमच्याही काळात झालं" हे खरं असेल तर तो बचाव उरतच नाही. ती तर कबुली झाली, की सरकार बदललं तरी रीत तीच आहे! आणि चव्हाण स्वतः २०१० ते २०१४ मुख्यमंत्री होते. ही रीत मोडायची संधी त्यांनाही होती.

धरणाला जमीन देऊन अर्धशतक उलटलेल्या माणसाची फाईल अचानक हलते, तेव्हा ती कुणाच्या शब्दाखातर हलते? दोन्ही पक्षांनी एकमेकांना बरंच काही विचारलं... हे सोडून.