अम्मींचे ‘फ्रेंच’ चमचे

अम्मींच्या इंतकालानंतर दोन महिन्यांनी आम्ही तिघं भावंडं सांगलीच्या घरात मीरास वाटायला बसलो. घर, थोडे दागिने, बँकेतली रक्कम यांचा हिशेब सोपा होता. दोन भाऊ आणि एक बहीण, म्हणजे एकूण पाच हिस्से: भावांना दोन-दोन, आपाला एक. गाडी अडली ती पेटीच्या तळाशी सापडलेल्या एका बोचक्यापाशी. जुन्या ओढणीत वाढायच्या पाच वस्तू होत्या. दोन मोठे चमचे, लांब काटा, मटण कापायची सुरी आणि मासा वाढायचं पसरट उलथनं. सगळ्यांना काळसर लाकडी मुठी.

आमचे नाना पाचगणीला एका साहेबाच्या बंगल्यावर खानसामा होते. साहेब मायदेशी परतताना हा संच देऊन गेला, असं अम्मी सांगायच्या. घरात त्यांना ‘फ्रेंच चमचे’च म्हणत. धाकट्यानं मोबाईलवर तसाच दिसणारा संच शोधला आणि त्याची किंमत वाचून तो उठूनच बसला. दारावरच्या भंगारवाल्यानं मात्र किलोचा भाव सांगितला. खरी किंमत कळल्याशिवाय वाटणी करायची, तर कुणाचा तरी हक्क बुडणार. म्हणून रविवारी सकाळी आम्ही तिघांनी मिरजेची बस धरली.

सांगली ते मिरज अंतर थोडं. विश्रामबाग, वानलेसवाडी मागे पडली की मिरज आलीच. मीरासाहेबांच्या दर्ग्यात फातिहा पढून आम्ही सतारमेकरांच्या गल्लीत शिरलो. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. १९३७ साली प्रवासात त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेत आणून दफन केलं. गल्लीत दारोदार भोपळे वाळत टांगलेले आणि लाकडाच्या भुशाचा वास.

चमच्यांची पारख करायला तंबोऱ्याच्या गल्लीत का, असा प्रश्न वाचकांना पडेल. ही घराणी मूळची शिकलगारांची. तलवारी, खंजीर यांना पाणी देणं, धार लावणं, मुठी बसवणं हा त्यांचा धंदा. इंग्रजी अमलात तलवारीची मागणी सरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी पटवर्धन संस्थानिकांच्या मिरजेत तंतुवाद्यं बनवायला सुरुवात केली. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. लाकूड आणि लोखंड दोन्ही ओळखणारे हात इथे आजही आहेत.

आमच्या ओळखीचे एक वयस्क चाचा ओसरीवर बसले होते. सलाम-दुआ झाली, चहा आला. चाचांनी वस्तू हातात घेतल्या, पण शिक्क्यांकडे बघितलंही नाही. लाकूड आणि धातू जिथे मिळतात, तिथे नख फिरवलं.

“नाव कुणीही ठोकतं, बेटा. सांधा खोटं बोलत नाही.”

मग त्यांनी एकेक वस्तू दाखवली. सुरीचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं, दोन बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि तीन रिव्हेट. हे मजबूत काम. काट्याचा दांडा मात्र मुठीत अर्धाच शिरलेला आणि आत राळ भरलेली. अशी मूठ गरम पाण्यात भिजवली की राळ मऊ होते आणि मूठ हलायला लागते. लाकडी मुठीची भांडी पाण्यात टाकून ठेवू नयेत, ती यासाठी. ओल्या फडक्यानं पुसावीत आणि अधूनमधून लाकडाला जवसाचं तेल लावावं.

शिक्क्यांचं आम्ही आधी वाचून ठेवलं होतं. सुरीवर आणि काट्यावर ‘शेफिल्ड’ निघालं, म्हणजे इंग्लंडचा माल. चमच्यांवर ‘ई.पी.एन.एस.’ अशी अक्षरं होती. त्याचा अर्थ निकेल सिल्व्हरवर चांदीचा मुलामा. नावात सिल्व्हर असलं तरी त्या मिश्रधातूत तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी नसते. आपाला हायसं वाटलं. सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाणं-पिणं आपल्याकडे मना आहे, तेव्हा अस्सल चांदी निघाली तर काय, ही तिची काळजी होती.

उलथन्यावर तेवढा चौकोनी चौकटीतला बारीक शिक्का होता. फ्रान्समध्ये मुलाम्याच्या मालावर कारागिराचा शिक्का चौकोनी असतो. अस्सल चांदीवर तो शंकरपाळ्याच्या आकाराचा असतो आणि १८३८ पासून मिनर्व्हा देवीचं डोकंही उमटवतात. तिथे ८४ असा आकडा दिसला तर लोक शुद्धता समजून फसतात. डझनभर चमचे आणि डझनभर काट्यांवर मिळून किती ग्रॅम चांदी चढवली, त्याचा तो आकडा.

“म्हणजे हे एक तरी फ्रेंच!” धाकटा म्हणाला.

चाचा हसले. “पातं फ्रेंच, मूठ इथली. ही शिसव बघा. या पितळी कड्या आपल्याकडच्या, हातानं ठोकलेल्या. कुणीतरी पुन्हा बसवून घेतलीय.”

तेव्हा आपाला आठवलं. अम्मी लहान असताना एका दावतीत उलथन्याची मूठ तुटली होती आणि नानांनी ती मिरजेहून करून आणली होती.

जुन्या वस्तूंच्या बाजारात बदललेली मूठ म्हणजे किंमत उतरली. त्यातून पाच वस्तू तीन जातींच्या. त्यांना संच म्हणता येत नाही. मोबाईलवरचा आकडा हा मागणाऱ्याचा असतो, देणाऱ्याचा नव्हे, हेही चाचांनी बजावलं. आणि मूठ हस्तिदंती असेल तर तिचा सौदाच नको, तो कायद्यानं गुन्हा आहे. त्यांच्या अंदाजानं आमचा सगळा ऐवज पाच हजारांच्या आसपास. पारखीचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. काट्याची सैल मूठ तेवढी राळ भरून पक्की करून दिली आणि तिची मजुरी घेतली.

परतीच्या बसमध्ये धाकटा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “विकायला नकोत.”

घरी येऊन पाच हजारांचे पाच हिस्से केले. वस्तू आपानं मागितल्या. तिचा हजाराचा हिस्सा वजा करून तिनं आम्हा दोघा भावांना दोन-दोन हजार मोजून दिले. आम्ही नको म्हणत होतो, तिनं ऐकलं नाही. “हिशेब हिशेबाच्या जागी,” म्हणाली.

गेल्या ईदला तिच्या दस्तरखानावर मासा आला, तो त्याच उलथन्यानं. भाच्यानं विचारलं, “हे फ्रेंच ना?”

“अर्धं,” आपा म्हणाली, “अर्धं मिरजेचं.”