वासाचे मीठ

मिठासारखा निगर्वी पदार्थ स्वयंपाकघरात दुसरा नाही. ते प्रमाणात पडले म्हणजे त्याचे नावही कोणी काढीत नाही. चिमूटभर चुकले की मात्र पानावर बसलेला प्रत्येक जण त्याच्याविषयी बोलू लागतो. लिंबागणेशच्या आमच्या घरात गेल्या वर्षी हे बोलणे फारच वाढले. आईचा रक्तदाब चढला आणि डॉक्टरांनी मिठावर बोट ठेवले. प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम चमचाभर मीठ खावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. येसराच्या आमटीवर आणि ठेच्यावर सत्तर पावसाळे काढलेल्या जिभेला हा हिशेब कसा पटावा? आई तक्रार करीत नसे. अर्धी भाकरी पानात ठेवून मुकाट्याने हात धुवी. त्या उरलेल्या अर्ध्या भाकरीमुळे आमच्याही घशाखाली घास उतरत नसे.

दिवाळीत, बालाघाटच्या सीताफळांच्या दिवसांत, माझी कन्या घरी आली. ती मिलानला शिकते. आजीसाठी तिने एक इवलीशी बरणी आणली होती : ट्रफलचे मीठ. ट्रफल हा भूछत्राचाच एक नातलग. ओकसारख्या झाडांच्या मुळांशी, जमिनीच्या पोटात वाढणारा. डोळ्यांना तो दिसत नाही. वासावरून हुडकावा लागतो. पूर्वी या कामी डुकरिणी नेत. परंतु सापडलेला माल त्याच फस्त करीत आणि जमीनही उकरून टाकीत. इटलीत १९८५ च्या कायद्याने हे काम कुत्र्यांकडे सोपविले. बरणीतल्या मिठात ट्रफलचे काळे कण होते. मात्र अशा मिठाचा दरवळ पुष्कळदा कारखान्यात तयार केलेल्या गंधद्रव्याचा असतो, हेही कन्येनेच प्रामाणिकपणे सांगून टाकले.

बरणी उघडताच सौभाग्यवतींनी पदर नाकाला लावला. आईने मात्र ती नाकाशी नेली, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं पोरी, हे तर आपलं पादेलोणच की! एवढ्या लांबून आणलंस होय?"

सारे हसले, पण तिचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. हिरडा, कोळसा इत्यादींबरोबर बंद भांड्यात मीठ तापविले म्हणजे त्यातील गंधकाचे रूप पालटते आणि पादेलोणाला तो प्रसिद्ध वास येतो. ट्रफलच्या वासातही गंधकाचीच संयुगे असतात. फरक एवढाच की, युरोपातील लोकांनी आपल्या वासाला रत्नाचा भाव दिला, आणि आम्ही आमच्या वासाला चारचौघांत उच्चारता येऊ नये असे नाव!

पहिला प्रयोग माझा. उत्साहाच्या भरात मी ते मीठ उकळत्या आमटीत टाकले. वास वाफेबरोबर उडून गेला आणि मागे उरला निव्वळ खारटपणा. डॉक्टरांचाही अपराध झाला आणि आमटीचाही. दुसऱ्या दिवशी कन्येने रीत दाखविली. पिठले तिने बिनमिठाचेच शिजविले. ताटात वाढल्यावर त्यावर लोण्याचा गोळा ठेवला आणि दिवसाच्या हिशेबातून मोजून घेतलेली एक चिमूट वरून भुरभुरली. मीठ शेवटी मीठच. बरणी परदेशी म्हणून रक्तदाब सवलत देत नाही. परंतु पदार्थात मुरलेल्या मिठाआधी वरची चिमूट जिभेला भेटते, आणि तिच्याही आधी वास नाकाला भेटतो.

आईने पिठले चाखले. भाकरीचा दुसरा तुकडा मोडला, मग तिसरा. कोणी काही बोलले नाही. त्या दिवशी तिच्या पानात भाकरी उरली नाही.

मला थोडी लाज वाटली. पथ्य म्हणून आम्ही तिच्या ताटातले मीठ मोठ्या कर्तव्यबुद्धीने काढून घेतले होते. त्याच्या जागी काही ठेवावे, हे मात्र कोणालाच सुचले नव्हते. ते सुचले साता समुद्रांपलीकडे राहणाऱ्या नातीला.

माघात बरणी संपली. आईने ती धुऊन, पुसून फळीवर ठेवली आहे. कन्या पुन्हा येईल तेव्हा तीत पादेलोण भरून द्यावयाचे, असा तिचा बेत आहे. मिलानच्या मंडळींना त्या नावाचा अर्थ कसा सांगावा, एवढा एकच प्रश्न उरला आहे.