न कापलेला शॉट

पडद्यावर भूतकाळ आणायचा झाला की आम्हा संकलकांचे हात ठरावीक वाटेने जातात. रंग थोडे उडवायचे, चेहऱ्यावरून दृश्य विरघळवत न्यायचं, आवाजाला घुमारा द्यायचा. हे होऊन गेलेलं आहे, एवढं प्रेक्षकाला कळतं. मिखाएल हानेके या ऑस्ट्रियन दिग्दर्शकाने ‘काशे’मध्ये (२००५) या सगळ्या खुणा पुसून टाकल्या. जुन्या पापावरचा याहून अस्वस्थ करणारा थरारपट मी पाहिलेला नाही.

पहिलाच शॉट घ्या. पॅरिसमधली गल्ली, समोर एक घर, कॅमेरा स्थिर. वेळ जातो, कट येत नाही. मग कुणाचं तरी बोलणं ऐकू येतं, चित्रावर आडव्या रेषा धावतात आणि लक्षात येतं की आपण त्या घरातल्या नवरा-बायकोबरोबर एक व्हिडिओ टेप पाहत होतो. ती कुणीतरी त्यांच्या दाराशी ठेवून गेलं आहे. सिनेमा आणि त्यातल्या टेपा, दोन्ही हाय-डेफिनिशन व्हिडिओवरच चित्रित झाल्यामुळे पुढच्या प्रत्येक स्थिर शॉटचा संशय येऊ लागतो.

घर जॉर्जचं. भूमिका दानिएल ओतॉयची. टीव्हीवर पुस्तकांविषयीचा कार्यक्रम करणारा हा प्रतिष्ठित माणूस सहा वर्षांचा असताना खोटं बोलला होता. वडिलांच्या शेतावर राबणारं अल्जेरियन जोडपं पॅरिसच्या मोर्चाला गेलं ते परतलंच नाही. त्यांच्या मजीदला जॉर्जचे आईवडील दत्तक घेणार होते. जॉर्जने कागाळ्या केल्या आणि मजीदची रवानगी अनाथाश्रमात झाली.

मोर्चा कल्पित नाही. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, अल्जेरियनांवर लादलेल्या रात्रीच्या संचारबंदीविरुद्ध हजारो लोक रस्त्यावर उतरले. पोलीसप्रमुख होता मोरिस पापाँ. अकरा हजारांहून अधिक लोकांना पकडलं गेलं, अनेकांना मारून सेन नदीत फेकलं गेलं. सरकारने मृतांचा आकडा अगदी मोजकाच सांगितला. इतिहासकारांचे अंदाज काही डझनांपासून दोनशेच्या वर जातात. साँ-मिशेल पुलाजवळ स्मृतिफलक लागायला २००१ साल उजाडलं.

एका प्रसंगात जॉर्ज संकलन कक्षात बसून कवी रँबोवरची चर्चा कुठे तोडायची ते सांगतो. नको ते कापून टाकायची त्याला सवयच आहे. पुढे मजीदचा मुलगा त्याच्या कार्यालयात येऊन समोर उभा राहतो, तेव्हाही तो काहीच कबूल करत नाही.

शेवटाकडे कोठारातून अंगण दिसतं. लहानग्या मजीदला न्यायला गाडी येते, तो पळतो, त्याला धरून आत कोंबतात. कॅमेरा जागचा हलत नाही. संकलक मिखाएल हुडेचेक आणि नादिन म्यूझ यांनी इथे मुलाच्या चेहऱ्याचा एक जवळचा शॉट घातला असता, तर आपण रडून मोकळे झालो असतो. त्यांनी ती सुटका दिली नाही, हे मला फार मोठं काम वाटतं.

हानेकेला या चित्रपटासाठी कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला. टेपा कुणी पाठवल्या, हे मात्र तो सांगत नाही. अखेरच्या शॉटमध्ये शाळेच्या पायऱ्यांवर मुलांची गर्दी आहे आणि नावं झळकू लागली की पुष्कळ जण उठतात. पाहणाऱ्याने बसून राहावं आणि चौकटीच्या डाव्या बाजूला, खाली, कोण कुणाशी बोलतंय ते नीट बघावं.