दोन लहान दांड्या

गेल्या पावसाळ्यात एका रात्री शेजारच्या तात्यांच्या छातीत कळ आली. आमच्या वाडीचा चढ चिखलाने भरला की जीपशिवाय दुसरं वाहन चढत नाही. तात्यांना मागच्या सीटवर झोपवलं, चढाच्या पायथ्याशी आलो आणि फोर-व्हीलची दांडी ओढली. ती हललीच नाही. दोन्ही हातांनी ओढली, लाथ मारली. शेवटी पोरांनी ढकलून गाडी वर काढली. त्यात पाऊण तास गेला. अल्लाहच्या कृपेने तात्या वाचले. त्या पाऊण तासाबद्दल ते मला आजवर काही बोलले नाहीत. तेच मला जास्त लागतं.

आमची जीप जुन्या विलीसच्या धर्तीची. मुख्य गिअरशेजारी दोन लहान दांड्या. एक पुढच्या चाकांना जोर देते, दुसरी हाय-लो बदलते. तालुक्याचा मेकॅनिक म्हणाला, "पेटी खोलावी लागेल." खर्च ऐकून यंदाच्या मे महिन्यात मीच गाडीखाली शिरलो.

चाकांना दगड लावले. दोन्ही दांड्या एकाच आडव्या पिनवर फिरतात. ती पिन इतकी गंजली होती की एक दांडी हलवली की दुसरी सोबत यायची. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं तेल सोडलं. मग पिन अडवणारा बोल्ट काढला आणि पितळेची सळई ठेवून हातोडीने पिन बाहेर ठोकली. दांड्या निघाल्यावर पेटीतले रॉड सरकवून पाहिले, तर सहज सरकले. म्हणजे पेटी निर्दोष होती, दोष बाहेरच्या गंजाचा होता. पिन पॉलिश पेपरने घासली, ग्रीसचं बुजलेलं भोक तारेने मोकळं केलं, सगळं परत बसवलं आणि कडेने बाहेर येईपर्यंत ग्रीस भरलं.

अब्बा हयात होते तेव्हा जुम्म्याची नमाज पढून आले की कपडे बदलून ग्रीसगन घेऊन जीपखाली जात. मला ते रिकामपणाचं काम वाटे. त्यांच्यानंतर सहा वर्षं मी ग्रीसगनला हात लावला नव्हता.

त्यांची आणखी एक गोष्ट आता पटली. डांबरी रस्त्यावर फोर लावून फिरायचं नाही. वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत, शाफ्टांना पीळ बसतो आणि दांडी अडकते. तेव्हा तिच्याशी झटापट न करता गाडी चार हात मागे घ्यायची. पीळ सुटतो, दांडीही सुटते. आणि महिन्यातून एकदा तरी ओल्या मातीत फोर लावून पाहायचा.

मृगाचा पहिला पाऊस झाला तसा मी जीप घेऊन चढ चढलो. तात्या ओट्यावर बसले होते.

"लागतो काय रे फोर?"

"एका बोटाने लागतो, तात्या."

"मग बरं झालं," म्हणाले, आणि सुपारी कातरू लागले.