बांधाखालचे पाणी

भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर आमच्या घरातले घड्याळ चाले. बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, नीरा डाव्या कालव्याच्या भिजत्या पट्ट्यात आमचा सहा एकरांचा मळा आहे. साडेचार एकर वरचा तुकडा आणि दीड एकर खालचा. इंदापूर तालुक्याचे नाव काढले की परगावचा माणूस दुष्काळाविषयी हळहळू लागतो. त्याला काय सांगावे? आमचा खालचा तुकडा पाण्यावाचून मेलेला नाही, तो पाण्याने मेला. उन्हाळ्यात तेथे जाऊन पाहाल तर कोणी चुन्याच्या पाट्या उधळून दिल्या आहेत असे वाटेल. त्या पांढऱ्या थराखाली हातभर खोदले की ओल लागते, आणि त्या ओलीत कुसळही धड उगवत नाही.

वरच्या तुकड्याचे दुखणे इतके उघड नाही. आमच्या वडिलांच्या हातून तेथे आडसाली उसाचे एकरी साठ टन निघालेले आम्ही कारखान्याच्या काट्यावर पाहिले आहेत. आज तेवढ्याच रानात, अधिक खत घालून आणि अधिक पाणी देऊन, चाळीसचा आकडा गाठताना धाप लागते. खोडवा तर त्याहून खाली. हे रडगाणे केवळ आमचे नव्हे. राज्याची उसाची सरासरी हेक्टरी ऐंशी-नव्वद टनांच्या आसपास कित्येक वर्षे घुटमळत आहे.

"बेणं बदला," असे घरातली तरुण मुले म्हणतात. बेणे आम्ही थोडे का बदलले? आजोबांच्या वेळी ४१९ होता, मग ७४० आला, त्यामागून ७२१९. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने १९९६ साली 'नीरा' या नावाने शिफारस केलेला ८६०३२ आला, तेव्हा आमच्या घरी सणासारखा आनंद झाला. पुढे २६५ आला. हा खारवट रानातही तग धरतो म्हणून आम्ही त्याला जवळ केले, तर साखरेचा उतारा कमी पडतो म्हणून काही कारखान्यांनी नाक मुरडले. दर नव्या वाणाने चार-सहा वर्षे टनेज उचलून धरले आणि मग तेही त्याच जमिनीवर येऊन बसले. संशोधकांचे श्रम आम्ही कमी लेखत नाही. ते नसते तर आमचे टनेज याहूनही खाली असते. पण बेणे वर पेरले जाते आणि रोग खाली आहे.

हा रोग जुना आहे. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर नीरेचा कालवा झाला तो ज्वारी-बाजरी वाचविण्यासाठी, म्हणजे संकटकाळच्या संरक्षणासाठी. पण बऱ्या पावसाच्या वर्षी ज्वारीला पाणी कोण विकत घेणार? पाणी कालव्यात तसेच राही आणि महसूल बुडे. उसाने तो प्रश्न सोडविला. पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याकडे अभियंता असताना त्यांनी या कालव्यावर ब्लॉक पद्धत सुचविली. पाणी एकाच जागी न साठता गावागावांत वाटले जावे, पिकांची फेरपालट व्हावी, हा तिच्यामागचा विचार होता. १९१० साली डॉ. हॅरॉल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींवर एक पुस्तिका लिहिली. डॉ. मान हे तेव्हा पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. म्हणजे भवानीनगरला श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना उभा राहण्याच्या कितीतरी आधी, भाटघरचे लॉईड धरण १९२८ साली पुरे होण्याच्याही आधी, या मातीचे दुखणे कागदावर उतरले होते. निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीला वारंवार पाणी पाजले की भूजल वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि त्यातला क्षार पृष्ठभागावर राहतो. बायबलात ज्या बाबिलोनच्या नद्यांचा उल्लेख आपण ऐकतो, त्या खोऱ्यातही हेच घडले होते. तेथील शेतकऱ्यांना गहू सोडून क्षार सोसणाऱ्या जवाकडे वळावे लागले, असे इतिहासकार सांगतात.

यावरचा उपाय म्हणून चर खोदले गेले. आमच्या मळ्याच्या कडेनेही ओढ्याकडे जाणारा एक चर होता. त्यात आम्ही लहानपणी खेकडे धरले आहेत. तो चर आता नाही. तो कोणी बुजविला, हे सांगणे आम्हांला जड जाते. दोन सऱ्या अधिक बसाव्यात म्हणून आमच्याच वडिलांनी तो नांगराखाली घेतला. त्या दोन सऱ्यांचा ऊस आम्ही सर्वांनी खाल्ला आहे, तेव्हा दोष एकट्या वडिलांच्या माथी मारण्यात अर्थ नाही.

आमच्या खाली तात्यांचे रान होते. ते नात्याने कोणी नव्हेत, बांधाला बांध लागलेले शेजारी. १९८० च्या सुमारास एके संध्याकाळी ते अंगणात येऊन बसले. चहा झाला, पाऊसपाण्याचे बोलणे झाले, आणि मग म्हणाले, "अण्णा, तुमचं पाणी माझ्या रानात निघतंय. ऊस पिवळा पडायला लागलाय. जरा पाळ्या कमी करा, नाहीतर तो चर तरी मोकळा करा."

वडील म्हणाले, "तात्या, पाणी उताराला जाणारच. त्याला मी काय करू?"

आमचे वडील दुष्ट नव्हते. अडल्यानडल्याला ते स्वतःचे बैल देत. पण आवर्तन आले की रात्रभर दारे धरायची आणि हाती लागेल तेवढे पाणी रानात घालून ठेवायचे, ही त्या पिढीची रीत होती, कारण पुढचे आवर्तन केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. पाच-सहा वर्षांत तात्यांचे रान चोपण झाले. त्यांची मुले पुण्याकडे कामाला गेली. त्यानंतर दहा वर्षांनी आमच्या खालच्या तुकड्यात तोच पिवळेपणा दिसू लागला. पाण्याला उतार मिळाला नाही म्हणजे ते माघारी फिरते, हे आम्ही तेव्हा शिकलो.

आज बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे नाव जगभर गाजते आहे. तेथील ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साहाय्याने उसावर कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग मांडला आहे. उपग्रहाची चित्रे, हवामान केंद्र आणि मातीत रोवलेली उपकरणे यांवरून रानाच्या कोणत्या कोपऱ्याला केव्हा आणि किती पाणी हवे, हे शेतकऱ्याला भ्रमणध्वनीवर कळते. जून २०२५ मध्ये राज्य सरकारने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी पाचशे कोटी रुपयांचे धोरणही मंजूर केले. आमच्या पुतण्याने तो फलाट पाहिला आणि घरी येऊन तासभर त्याविषयी सांगितले. आम्ही ते मन लावून ऐकले. 'आज पाणी देऊ नका' असे ठामपणे सांगणारा कोणी आमच्या वडिलांना भेटला असता तर फार बरे झाले असते.

परंतु भ्रमणध्वनी सांगेल तेव्हा कालवा वाहत नाही. पाणी आवर्तनाने येते. पाणीपट्टी बहुतेक ठिकाणी अजून पीक आणि क्षेत्र पाहून आकारली जाते. एकदा पैसे भरले की दोन इंच पाणी घातले काय आणि सहा इंच घातले काय, आकार तोच. उसाचा भाव टनावर ठरतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे, आणि उतारा धरायचा तो सगळ्या कारखान्याचा. ज्याने निम्म्या पाण्यात ऊस आणला त्याला त्यात वेगळे काही नाही. जुलै २०१७ मध्ये सरकारने उसाला ठिबक सक्तीचे करण्याचा निर्णय घेतला, दोन वर्षांची मुदत घातली. मुदत कधीच सरली, पाटाचे पाणी अजून सरीतून वाहते आहे. राज्याच्या पिकाखालील क्षेत्रापैकी सुमारे चार टक्के क्षेत्र उसाचे, आणि सिंचनाच्या पाण्यातला त्याचा वाटा मात्र दोन-तृतीयांशाच्या आसपास सांगितला जातो. शेतकऱ्याला यासाठी अडाणी म्हणू नये. जे धोरण त्याच्यासमोर आहे, त्याचा तो चोख हिशेब करतो.

वेगळा हिशेब मांडता येतो, याचे दाखले आपल्याच राज्यात आहेत. नाशिक जिल्ह्यात ओझर येथे बापू उपाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात पाणीवापर संस्था उभ्या केल्या. सरकारने संस्थेला पाणी मोजून द्यायचे आणि संस्थेने सभासदांत वाटायचे. पाणी मोजले जाऊ लागले तसे लोक द्राक्षे-भाजीपाल्याकडे वळले, विहिरींचे पाणीही हिशेबात आले. २००५ साली राज्याने तसा कायदाही केला. आमच्या पट्ट्यात तो कागदावर अधिक आणि चारीवर कमी दिसतो.

दुसरा दाखला कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळचा. तेथील श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी गट करून हजारो एकर क्षारपड जमिनीत भूमिगत निचऱ्याच्या नळ्या टाकल्या. चार-साडेचार फूट खोल, छिद्रे पाडलेल्या नळ्या, त्यांवर गाळणीचे कापड. त्या मोठ्या नळीला जोडायच्या आणि मोठी नळी ओढ्यात सोडायची. पावसाचे पाणी क्षार धुऊन खाली नेते आणि नळी तो बाहेर काढते. यात यंत्राचे फारसे कौतुक नाही. कठीण आहे ती संमती, कारण वरच्याची नळी खालच्याच्या रानातून गेल्याशिवाय ओढा गाठत नाही. अहिल्यानगरकडे फादर हर्मन बाखर यांनी पाणलोटाचे काम रुजविले, त्यात माथ्यापासून पायथ्याकडे यायचे असते, हे आपल्या वाचकांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. निचऱ्याचे नेमके उलटे. तेथे आरंभ सर्वांत खालच्या रानापासून करावा लागतो.

गेल्या मे महिन्यात आम्ही तात्यांच्या थोरल्या मुलाच्या दारी गेलो. तो आता गावी परतला आहे. नळीची गोष्ट काढली. त्याने सगळे ऐकून घेतले.

"काका," तो म्हणाला, "आमचे तात्या तुमच्या अंगणात आले होते. तेव्हा अण्णांनी काय सांगितलं, ते तुम्हांला आठवतं का?"

आठवत होते. आम्ही तसे म्हटले, आणि पुढे बोलण्यासारखे आमच्यापाशी काही नव्हते. त्याच्या बायकोने आणलेला चहा घेऊन उठलो.

आठ दिवसांनी तो स्वतः आला. अंगणात न थांबता थेट बांधावर जाऊन उभा राहिला. त्याच्या दोन अटी होत्या. पहिली, वरच्या साडेचार एकरांत आधी ठिबक बसवायचे, नाहीतर नळी टाकून उपयोग काय. दुसरी, काम त्याच्या रानापासून सुरू करायचे, आमच्या नव्हे. दुसरी अट त्याने हट्टाने घातली असेल, पण शास्त्रालाही तेच मान्य आहे, हे आम्ही त्याला सांगितले. तो हसला नाही.

ठिबक बसले आहे. अनुदानाचा अर्ज एका कचेरीत पडून आहे, त्याचे काय व्हायचे ते होईल. खालच्या बाजूला आणखी तिघे शेतकरी आहेत. दोघांनी होकार दिला, तिसरे अजून मुलाला विचारून सांगतो म्हणतात. दरम्यान पहिल्या पावसानंतर आम्ही दोघे जुन्या चराची रेघ शोधायला निघालो. नकाशा हाती नव्हता. तात्यांचा मुलगा अनवाणी पुढे चालत होता, दर चार पावलांवर टाच दाबून पाहत होता. चिंचेपासून वीस-पंचवीस पावलांवर तो थांबला, आणि तेथे आम्ही पहिली खुंटी ठोकली.