लिहिण्यापुरते यंत्र

ज्यांचे आयुष्य पेढीवर गेले, त्यांना एका वेळी एकच वही उघडण्याची शिस्त शिकवावी लागत नाही. रोजमेळ लिहिताना खतावणी मिटलेली असे. मात्र तेच गृहस्थ दुकान मुलाच्या हाती सोपवून मोबाईलवर आठवणी लिहावयास बसले, की पंचाईत होते. दोन ओळी उमटतात न उमटतात, तोच बाजारभावाचा निरोप येतो, मागोमाग नातेवाइकांची छायाचित्रे. लेखन तिथेच राहते. एका घरी असे वर्षभर चालले. वडिलांनी उधारीवर दुकान कसे उभे केले, हे सांगू शकणारे आता ते आजोबा एकटेच उरले होते.

अमेरिकेत या अडचणीवर एक साधे यंत्र पूर्वीच निघाले होते. अ‍ॅपल कंपनीतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी शाळांसाठी ‘अल्फास्मार्ट’ काढले. त्याचा २००४ चा ‘निओ’ म्हणजे कळफलक आणि वर काही ओळींचा पडदा. इंटरनेट नाही, तीन पेन्सिल सेलवर शेकडो तास चालणारा. २०१३ मध्ये त्याचे उत्पादन थांबले, तरी लेखक मंडळी तो जुन्या बाजारातून शोधून घेत राहिली. पण तो रोमन लिपीचा. मराठी लिहिणाऱ्याला निरुपयोगी.

त्या घरी नातवाने कपाटात पडलेला लॅपटॉप काढला. त्यातून वायफायची जोडणी पुसली, नोटपॅड तेवढे समोर ठेवले आणि विंडोजमध्येच असलेला मराठी इनस्क्रिप्ट कळफलक चालू केला. त्याला इंटरनेट लागत नाही. स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजने बहुतेक उजव्या. कळांवर अक्षरांच्या चिकटपट्ट्या लावूनही आजोबांचा हात बसण्यास महिना गेला. (जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्याने वेग पाहू नये, कळा दाबून पाहाव्यात, लिहिण्यास वेग लागतो तो बोटांचा.) बॅटरी निकामी झालेली असल्याने वीज गेली की लिहिलेले जाई. एकदा तीन पाने गेली, तेव्हापासून दर परिच्छेदानंतर जतन करण्याची सवय जडली. रविवारी नातू पेनड्राइव्हवर प्रत काढून घेतो.

दिवाळीपर्यंत चोवीस पाने झाली. पहिली उधारी देणाऱ्या अडत्याचे नाव काही केल्या आठवत नाही. अकराव्या पानावर तेवढी जागा कोरी सोडली आहे.