हा जेवतो कधी?

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या चौकात गणपतीत पडदा लागायचा. दोन बांबू, मध्ये शिवून रुंद केलेली पांढरी चादर आणि सोळा एमएमचं घरघरणारं यंत्र. पुढच्या सतरंज्या मोठ्यांनी आणि संध्याकाळपासून जागा धरून बसलेल्यांनी अडवलेल्या असायच्या, म्हणून आम्ही पोरं पडद्याच्या मागे. तिथूनही सिनेमा चांगला दिसायचा, फक्त उलटा. नावं उलटी, भांग उलटा आणि पिस्तूल डाव्या हातात. १९६७ सालचा ‘फर्ज’ मी असा मागून पाहिला, आणि पुढे बरीच वर्षं एजंट ११६ डावखुरा आहे अशी माझी पक्की समजूत होती.

आजी पुढच्या बाजूला होती, घरून आणलेल्या खुर्चीवर. जितेंद्र पांढऱ्या बुटांत नाचला, बबिताच्या वाढदिवसाचं ते गाणं झालं (आजही केक कापताना कोणीतरी ते लावतंच), मारामाऱ्या झाल्या, शत्रूचा अड्डा उडाला. खुर्ची उचलून जिना चढताना आजी म्हणाली, “सगळं खरं रे, पण हा जेवतो कधी? आणि ह्याच्या घरी ठाऊक तरी आहे का, हा कुठे उलथलाय ते?”

आम्ही खो खो हसलो. हेराला घर कशाला हवं?

तेव्हाच्या हेराला खरंच घर नसायचं. आपल्याकडे माणूस भेटला की पहिला प्रश्न ‘कुठले तुम्ही?’, दुसरा ‘आडनाव काय?’. हेराकडे या दोन्हींना मिळून एक नंबर असायचा. ११६ झाला, मग १९७९ मध्ये ‘सुरक्षा’त मिथुनचा गनमास्टर जी-नाइन आला. दोन्हींचा दिग्दर्शक एकच, रविकांत नगाइच, आणि दोन्हींना घराचं वावडं. सूट कोण इस्त्री करतं, दूधवाल्याचे पैसे कोण देतं, हे विचारायचं नाही. ज्याला घर त्याला काळजी, आणि काळजी करणारा माणूस धावत्या गाडीच्या टपावर चढत नाही, असा साधा हिशेब.

मूळ सोय अर्थात विलायतेहून आलेली. चाळीत व्हीसीआर भाड्याने आणून, वर्गणी काढून रात्रभर तीन-तीन सिनेमे बघण्याचे दिवस आले तेव्हा आम्ही बॉण्ड घाऊक भावात पाहिला. त्याला लंडनमध्ये फ्लॅट आहे हे तेव्हा कळलं. १९७३ च्या ‘लिव्ह अँड लेट डाय’मध्ये तर उजाडायच्या आत त्याचे साहेब, एम, दारात हजर होतात. आत बाई आहे, तिला लपवायचंय, आणि हा गडी साहेबांपुढे भलंमोठं यंत्र फुसफुसवत कॉफी करत बसतो. आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, “साहेब पहिल्यांदा घरी आले आणि कॉफीबरोबर बिस्किटसुद्धा नाही!” काकूंना घराची परीक्षा बरोबर होती. ते घर नव्हतंच, दोन कामगिऱ्यांमधली वेटिंग रूम होती.

बॉण्डचं लग्न झालं होतं, ही बातमी मला त्याच्या बायकोच्या थडग्यावरून मिळाली. ‘फॉर युवर आइज ओन्ली’ची सुरुवात अशी आहे: रॉजर मूर हातात फुलं घेऊन दफनभूमीत येतो, दगडावर टेरेसा बॉण्ड असं नाव, १९४३ ते १९६९. ही कोण बुवा? चौकशी करता करता १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ हाती लागला. जॉर्ज लेझनबी हा एकाच सिनेमापुरता बॉण्ड झालेला नट, आणि डायना रिगची ट्रेसी. लग्न लागतं, वऱ्हाड मागे राहतं, गाडी फुलांनी सजलेली. वाटेत फुलं काढायला ती थांबवतात, आणि गोळी तिला लागते. संसार किती? लग्नमंडपापासून पहिल्या वळणापर्यंत. पुढे कित्येक वर्षं पडद्यावरच्या हेरांच्या बायकांनी हीच वाट धरली. पहिल्या रिळात हसून डबा हातात देणारी बायको दिसली की आम्ही बोटं मोजायचो, मध्यंतरापर्यंत टिकते का बघू.

म्हणजे जुनं सगळं पोकळ होतं असं मात्र नाही. जे चांगलं होतं ते आमच्या चाळीपर्यंत पोचलं नव्हतं, मला ते फार उशिरा, पन्नाशीच्या आसपास भेटलं. १९६५ चा ‘द इप्क्रेस फाइल’ घ्या. त्याचा निर्माता हॅरी सॉल्ट्झमन, बॉण्डपटांच्या दोन निर्मात्यांपैकी एक. पण इथला हॅरी पामर गजराने जागा होतो, चाचपडत चष्मा शोधतो आणि ताज्या बिया दळून कॉफी करतो. नावं पडत असताना एवढंच चालू असतं. पुढे तो एका बाईला घरी बोलावून स्वतः रांधून घालतो. एका हाताने अंडं फोडायचं मायकेल केनला काही जमेना, तेव्हा पडद्यावर जवळून दिसणारे हात मूळ कादंबरीचा लेखक लेन डेटन याचे घेतले. डेटन वर्तमानपत्रात पाककृतींची चित्रपट्टी काढायचा. हेरकथा लिहिणाऱ्याला अंडं फोडता येतं, याने मला त्याच्या हेराबद्दल जितका विश्वास वाटला तितका दहा पिस्तुलांनी वाटला नसता. आजीला हा पामर आवडला असता. जेवतो, आणि वेळेवर जेवतो.

दुसरा रशियन. १९७३ ची सोव्हिएत दूरदर्शन मालिका, ‘सेवेंटीन मोमेंट्स ऑफ स्प्रिंग’, बारा भाग, दिग्दर्शिका तात्याना लिओझ्नोवा. हिटलरच्या यंत्रणेत वर्षानुवर्षं जर्मन अधिकारी बनून बसलेला स्टिर्लिट्झ हा मॉस्कोचा माणूस. त्याची बायको मायदेशात. एकदा वरिष्ठ तिला इतक्या दूर आणतात, केवळ नवऱ्याला दिसावी म्हणून. जागा ‘एलिफंट’ नावाचा कॅफे. ती एका टेबलाशी, शेजारी तिला घेऊन आलेला माणूस. हा दुसऱ्या टेबलाशी एकटा. बोलायचं नाही, उठायचं नाही, ओळख द्यायची नाही. मग फक्त बघणं. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर, त्याच्या चेहऱ्यावर, पुन्हा तिच्या. तारिवेर्दिएवचा पियानो हळूहळू वाजतो. ती ओठ मिटून घेते, नजर खाली नेते, परत वर आणते. तो नजर चोरतो, कारण फार बघणंही धोक्याचं. कित्येक मिनिटं पडद्यावर एक शब्द नाही. मग तिला उठवतात, ती जाते, आणि तो बसून राहतो.

मी पहिल्यांदा हे मोबाइलवर, लोकलमध्ये उभ्याने पाहिलं. दादर कधी गेलं कळलं नाही. एवढा संसार मी कुठल्या कौटुंबिक मालिकेत पाहिलेला नाही.

आणि स्मायली. बीबीसीच्या १९७९ च्या ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’मध्ये अ‍ॅलेक गिनेस हा चष्मा पुसत राहणारा, बायकोने वाऱ्यावर सोडलेला हेर. जो भेटतो तो आधी विचारतो, अ‍ॅन कशी आहे? आपल्याकडे लग्नकार्यात ‘वहिनी नाही आल्या?’ असं विचारतात ना, अगदी त्याच चालीवर, आणि तितकंच टोचून. ती बाई प्रत्यक्ष दिसते थेट शेवटच्या भागात. खरी मेख तिथेच आहे. तिचं ज्याच्याशी जमलेलं असतं तोच आतला फितूर निघतो, आणि ते प्रकरण मुळात शत्रूच्या सांगण्यावरून सुरू झालेलं असतं. हेतू असा की उद्या स्मायलीने त्याच्याकडे बोट दाखवलं, तर लोक म्हणतील, बायकोवरून जळतोय. घर हा भिंतीतला तडा आहे हे शत्रूला ठाऊक होतं, सिनेमावाल्यांना फार उशिरा कळलं.

कळल्यावर मात्र त्यांनी कसर ठेवली नाही. आता हेराच्या घराचं दार सताड उघडं आहे. २०१३ ते २०१८ चाललेली ‘द अमेरिकन्स’ घ्या, पंचाहत्तर भाग. वॉशिंग्टनजवळच्या उपनगरात सोव्हिएत जोडपं अमेरिकन बनून राहतं, प्रवास कंपनी चालवतं, दोन मुलं, आणि समोर राहायला येतो एफबीआयचाच माणूस. मालिका रचणारा जो वाइजबर्ग स्वतः सीआयएत नोकरी करून बाहेर पडलेला. त्यामुळे खून, वेशांतर वगैरे असतंच, पण लक्षात राहतात ती कपडे धुण्याच्या खोलीत दबक्या आवाजात होणारी भांडणं. वरिष्ठांनी जुळवून दिलेला हा संसार. एवढ्या वर्षांनी खरा झालाय की नाही, हे दोघांनाही सांगता येत नाही. ठरवून झालेल्या लग्नांच्या देशात बसून ही मालिका बघताना आपण जरा कमी दचकतो, असा माझा अंदाज आहे.

आपल्याकडे मेघना गुलजारने ‘राझी’त (२०१८) आजीचा प्रश्नच उलटा केला. ह्याच्या घरी ठाऊक आहे का, हे विचारायची सोय ठेवली नाही, कारण घर हीच कामगिरी. १९७१ च्या युद्धाआधी सेहमत पाकिस्तानी लष्करी घराण्यात सून म्हणून जाते. सासरी रुळायचं, मोठ्यांची मर्जी राखायची आणि त्याच घरातून बातमी बाहेर काढायची. जाऊ मुनीरा म्हणजे आपली अमृता खानविलकर. तिने नव्या नवरीला जवळ केलंय, आणि तिचाच नवरा सेहमतच्या हातून जातो. बॉम्ब उडताना मला काही होत नाही. त्या दोघी जावा एका छताखाली वावरताना पोटात गोळा येतो.

मग ‘द फॅमिली मॅन’. २०१९ चा सप्टेंबर. मुंबईतला फ्लॅट, गृहकर्जाची विवंचना, मुलगी मोबाइलमध्ये, मुलगा बापाला गुंडाळण्यात पटाईत. मनोज बाजपेयीचा श्रीकांत तिवारी घरी सांगतो की आपण सरकारी कचेरीत फायली हलवतो. प्रियामणीची सुचित्रा कॉलेजात शिकवत होती. आता नवऱ्याची वाट बघत बसण्याऐवजी नव्या कंपनीत जाते. तिथे अरविंद आहे, शरद केळकर. कामानिमित्त दोघं लोणावळ्याला जातात, तिथे रात्र होते, आणि पुढचं आपल्याला दाखवत नाहीत.

बस. तिकडे दिल्लीवर विषारी वायूचं संकट, आणि इकडे देशभरातल्या प्रेक्षकांना पडलेला प्रश्न एकच: लोणावळ्यात काय झालं? खंडाळ्याच्या घाटात आजवर बरंच काही घडलं असेल, पण लोणावळ्याला एवढं राष्ट्रीय महत्त्व चिक्कीनेही मिळवून दिलं नव्हतं. २०२१ मध्ये दुसरा सीझन आला तेव्हाही लोकांना आधी तेच विचारायचं होतं, आणि तिथेही सरळ उत्तर नाही.

मला यात गंमत वाटते ती वेगळी. जन्मभर आपण हेराची गुपितं पाहिली. पहिल्यांदा हेराच्या बायकोला स्वतःचं गुपित मिळालं, आणि ते उघडायला तिचा नवरा, देशातला एवढा पट्टीचा गुप्तहेर, असमर्थ ठरला. मंगळसूत्र घालून मध्यंतरात मरणाऱ्या बायकांनंतर इथवर यायला पन्नास वर्षं लागली.

बाकी आताचं सगळंच मला पचतं असं नाही. घराचं दार उघडलं आणि नवा साचा तयार झाला. भिंतीआड पिस्तूल रोखून उभा असताना बायकोचा फोन येणारच. शाळेची मीटिंग बुडणारच. आणि पोटची मुलगी पळवली जाणारच. ‘फॅमिली मॅन’लाही दुसऱ्या सीझनमध्ये तो मोह आवरला नाही. पूर्वी बायकोला मारायचे, आता मुलीला पळवतात, एवढाच फरक असेल तर मला आपला जी-नाइन बरा. शिवाय हल्लीचे हेर घरी फार बोलतात. समुपदेशकासमोर बसून बोलतात, गाडीत बोलतात, स्वयंपाकघरात बोलतात. एलिफंट कॅफेतली ती बाई एक अक्षर न बोलता जे सांगून गेली, ते यांना दहा भाग पुरत नाहीत. लोणावळा लोकांच्या मनात रुतला तो याचमुळे. तेवढी एकच जागा गप्प ठेवली होती.

शेवटी बॉण्डसुद्धा घरी आला. २०१५ च्या ‘स्पेक्टर’पर्यंत त्याचा फ्लॅट तसाच, खोकी न सोडलेला, जणू कालच भाड्याने घेतलाय. २०२१ च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये मात्र नॉर्वेतल्या एका घरात सकाळी तो छोट्या लेकीला, मातिल्दला, सफरचंद चिरून देतो. ती काही बोलत नाही, तोही फारसं नाही. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेतला एक पोरगा कुजबुजला, “आता हा मरणार.” पोरगं हुशार होतं. आमची बोटं मोजायची सवय अजून पिढीजात चालू आहे. फरक एवढाच की बासष्ट सालापासून घरात न टिकणारा माणूस या खेपेला मायलेकींना वाचवून स्वतः गेला.

‘फॅमिली मॅन’ आम्ही नवरा-बायकोने घरीच पाहिली, जेवणाची ताटं मांडीवर घेऊन. पहिला सीझन संपला. मी टीव्ही बंद केला आणि सहज म्हणालो, काय झालं असेल गं लोणावळ्याला?

ती ताटं उचलत होती. “तुम्ही गेला होतात ना, अठ्ठ्याण्णवला, ऑफिसच्या ट्रिपला? दोन दिवस?”

“हो.”

“मग? काय झालं होतं?”

“काही नाही,” मी म्हणालो, “पाऊस होता.”

“हो,” ती आत जाता जाता म्हणाली, “तरी बॅग कोरडी होती.”